पावसाळ्यात एसी लावूनही खोली चिकट का राहते? घरातली आर्द्रता वर्षभर सांभाळण्याबद्दल

सागरगोटा

मुंबईतली मे महिन्यातली दुपार घ्या: बाहेर ३३ अंश, आर्द्रता ६६ टक्के. आता जुलैतली पावसाची संध्याकाळ घ्या: २८ अंश, ८८ टक्के. आकडे पाहून कुणीही म्हणेल की जुलैच्या हवेत पाणी जास्त. हिशेब केला तर दोन्हीकडे घनमीटरमागे जवळपास २४ ग्रॅमच वाफ निघते आणि दोन्ही हवांचा दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, २६ अंशांच्या आसपास येतो. तरीही तोच एसी मे महिन्यात खोली कोरडी ठेवतो आणि जुलैत खोली गार होऊनही चिकट राहते. चादर ओलसर लागते, कपाट उघडलं की कुबट वास येतो.

याचं कारण असं की एसी ऐकतो तो थर्मोस्टॅटचं, ओलाव्याचं नाही. मे महिन्यात भिंती, स्लॅब, काचा तापलेल्या असतात. कॉम्प्रेसर सलग चालतो, कॉइल (आतल्या थंड नळ्यांची जाळी) सतत थंड राहते, पाणी सतत ट्रेमध्ये उतरत राहतं. जुलैत बाहेरच २८ अंश असतात. २५ वर लावलेला एसी दहा-पंधरा मिनिटांत तापमान गाठतो आणि कॉम्प्रेसर मंदावतो किंवा बंद पडतो. पाणी काढायचं काम तिथेच अर्धवट राहतं. कॉइल हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असेल तेवढाच वेळ पाणी निघतं, एरवी थेंबही नाही.

म्हणून नुसती टक्केवारी बघू नका, दवबिंदू काढा. ५० टक्क्यांच्या वर सोपा आडाखा चालतो: १०० मधून आर्द्रता वजा करा, उत्तराला ५ ने भागा, तो आकडा तापमानातून वजा करा. २८ अंश आणि ८८ टक्के म्हणजे २८ − २.४ = २५.६. एसी चालू असलेल्या खोलीत दवबिंदू १७ किंवा त्याखाली आणायचा. २६ अंशाला ५५ टक्के, २५ ला ६० टक्के, दोन्ही त्यात बसतात.

किती पाणी काढावं लागतं तेही बघू. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे ३४ घनमीटर हवा. २६ अंश, ५५ टक्क्यांना घनमीटरमागे साधारण साडेतेरा ग्रॅम वाफ असते. म्हणजे बाहेरून आत येणाऱ्या प्रत्येक घनमीटरमधून साडेदहा ग्रॅम काढायचे. दारं-खिडक्या लावूनही तासाला निम्मी हवा बदलते असं धरलं तर १८० ग्रॅम, आणि झोपलेल्या दोन माणसांचे श्वास-घामाचे ८०-१००. तासाला पाव लिटरच्या थोडं वर झालं. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला तर तासाला दीड लिटर सहज काढेल. ताकद पुरेशी आहे, ती वापरली जात नाही एवढाच प्रश्न आहे.

विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी कूलर आणि एसीचा मेळ कसा घालायचा ते लिहावं. कोकणातल्या जांभ्याच्या घरांबद्दलही कुणी लिहिलं तर बरं.

गंधाली

बरोबर याच ठिकाणी अडलंय. ठाण्यात मधल्या मजल्यावर १२० चौरस फुटांची बेडरूम आहे, दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, सेटिंग २४, पंखा ऑटोवर. रात्री दोन वाजता आर्द्रतेचा मीटर ७२ टक्के दाखवतो. सेटिंग २० वर नेलं तर थंडी वाजते, आर्द्रता फारशी हलत नाही. ड्राय मोड लावावा का?

यंत्रमाणूस

@गंधाली, २४ अंशाला ७२ टक्के म्हणजे दवबिंदू साडेअठराच्या आसपास. आता आत काय चाललंय ते बघा. खोली २४ वर पोचली की इन्व्हर्टर कॉम्प्रेसर अगदी कमी वेगावर येतो. तेवढ्यात पंखा मध्यम वेगाने फिरत असेल तर कॉइल १५-१६ अंशांपर्यंत चढते. दवबिंदू साडेअठरा आणि कॉइल सोळा, म्हणजे पाणी जेमतेम ठिबकणार. हवा गार होते, कोरडी होत नाही.

पहिला उपाय फुकटचा आहे. पंखा ऑटोवरून काढून सर्वांत कमी वेगावर ठेवा. कॉइलवरून हवा कमी गेली की कॉइल जास्त थंड होते आणि तेवढ्याच गारव्यात पाणी जास्त निघतं. सेटिंग २५ किंवा २६ ठेवा आणि छताचा पंखा एक-दोनवर चालवा, म्हणजे २६ सुद्धा २४ सारखं वाटतं. झोपायच्या तासभर आधी दार लावून एसी २३ वर, पंखा लो वर चालवायचा आणि आडवं होताना २५-२६ करायचं. त्या पहिल्या तासात गादी, पडदे, उशा यांत मुरलेला ओलावा निघतो. तो राहिला तर रात्रभर हळूहळू हवेत परत येत राहतो.

२० वर नेण्याचा फायदा का नाही? खोली गार झाली की तेवढ्याच वाफेची टक्केवारी वाढते. शिवाय भिंती आणि फरशी इतकी थंड होते की दार उघडताक्षणी त्यावर पाणी धरतं. त्याबद्दल खाली कुणी विचारेलच. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसींना २४ हे डीफॉल्ट सेटिंग सक्तीचं आहे. बरेच लोक तिथून खाली जातात. पावसाळ्यात वर जायला हवं.

ड्राय मोडबद्दल नीट समजून घ्या, कारण त्या थेंबाच्या चित्रावरून गैरसमज फार होतात. आपल्याकडच्या बहुतेक एसींमध्ये आर्द्रतेचा सेन्सर नसतो. ड्राय मोड म्हणजे पंखा कमीत कमी वेगावर पक्का बांधलेला आणि कॉम्प्रेसर ठरावीक काळ चालू-बंद. खोली २५ ते २८ अंशांत असेल आणि बाहेर पाऊस असेल तर उत्तम काम करतो. मे महिन्यात ३३ अंशांच्या खोलीत तो पुरा पडत नाही, तिथे कूलच हवा. आणि खोली २२-२३ च्या खाली असेल तर काही एसी ड्रायमध्ये कॉम्प्रेसर लावतच नाहीत.

दुसरा भाग कटू आहे: १२० चौरस फूट, मधला मजला, बाहेरची एकच भिंत, तर दीड टन मोठा होतो. १ टन पुरला असता आणि त्याने जास्त वेळ चालून जास्त पाणी काढलं असतं. दुकानात 'मोठा घेतलेला बरा' असं सांगतात, ते पश्चिमेकडच्या वरच्या मजल्याला लागू आहे, अशा खोलीला नाही. नवीन घेताना इन्व्हर्टर एसीची किमान क्षमता किती ते माहितीपत्रकात बघा. ती जितकी खाली तितका तो कमी चालू-बंद होतो.

आर_के_पुणे३८

इन्व्हर्टर नसलेल्या जुन्या एसीत अजून एक भानगड असते. तापमान गाठल्यावर कॉम्प्रेसर बंद होतो पण ब्लोअर चालूच राहतो. कॉइलच्या पत्र्यांमध्ये अडकलेलं पाणी तीच हवा पुन्हा खोलीत आणते. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर पाचेक मिनिटांत दमट वास येतो तो याचाच. काही मॉडेलमध्ये 'एनर्जी सेव्हर' बटण असतं, त्यात कॉम्प्रेसरबरोबर पंखाही थांबतो. पावसाळ्यात ते लावून ठेवा.

विंडो एसी असेल तर पुढच्या जाळीमागचा हवा आत-बाहेर करायचा खटका बंद आहे का ते बघा. बरेचदा तो वर्षानुवर्षं उघडा असतो आणि बाहेरची हवा थेट आत येते.

खिडकीफट

एसीच्या सेटिंगवर जेवढी चर्चा होते त्याच्या निम्मीही फटींवर होत नाही. वरच्या हिशेबात तासाला निम्मी हवा बदलते असं धरलंय. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या उघड्या आणि बाथरूमचं दार उघडं असेल तर तासाला सगळी हवा दोन-दोनदा बदलते. मग साडेदहा ग्रॅम गुणिले ६८ घनमीटर, म्हणजे ७०० ग्रॅम. तेवढं पाणी काढायला मंदावलेला कॉम्प्रेसर पुरत नाही.

कुठे बघायचं ते सांगतो.

बाथरूमचा एक्झॉस्ट: आंघोळीनंतर १५-२० मिनिटं चालवा, बाथरूमचं दार लावून. बेडरूमचा एसी चालू असताना रात्रभर एक्झॉस्ट चालू ठेवला तर तो गार कोरडी हवा बाहेर फेकतो आणि तितकीच दमट हवा दाराखालून आत येते.

स्लाइडिंग खिडकी: फ्रेममधली केसाळ ब्रश पट्टी दोन-तीन वर्षांत झिजते. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. जुनी ओढून काढायची, खाच जुन्या टूथब्रशने साफ करायची, नवी सरकवायची. दोन फळ्या एकमेकींवर येतात तिथली मधली पट्टी विसरू नका.

आणि सगळ्यांत दुर्लक्षित: इनडोअर युनिटच्या मागचं भोक. तांब्याचे पाइप, वायर आणि ड्रेन बाहेर नेण्यासाठी भिंतीत कोअर कटिंग करतात, अडीच ते तीन इंचांचं. पाइप घालून झाल्यावर बाहेरून थोडी पुट्टी थापतात, आतून ते उघडंच राहतं. पावसाळ्यात त्यातून येणारी दमट हवा युनिटच्या थंड पाठीवर आदळते आणि भिंतीवरून पाणी ओघळतं. लोक गळती समजून ड्रेन साफ करून घेतात, पाणी थांबत नाही. युनिट खालून थोडं पुढे उचलून ते भोक आतल्या बाजूने एसीच्या पुट्टीने किंवा पीयू फोमने भरा. फोम फुगतो, म्हणून थोडाच मारा आणि ड्रेन पाइप दाबला जाणार नाही ते बघा.

दाराखालची फट अर्ध्या इंचापेक्षा जास्त असेल तर खाली रबरी पट्टी लावा. पण पूर्ण हवाबंद करू नका, माणसं झोपतात त्या खोलीला थोडी ताजी हवा लागतेच.

मीटरवाली

मापनाबद्दल थोडं. दोन-चारशे रुपयांच्या डिजिटल मीटरमध्ये ५ टक्क्यांचा फरक अगदी सहज असतो. घरच्या घरी तपासता येतो. बाटलीच्या झाकणात दोन चमचे साधं मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मीटर एका घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा तास ठेवा, ऊन किंवा एसीचा झोत नको. मिठाच्या संपृक्त पाण्यावरची हवा ७५ टक्क्यांना स्थिर होते. मीटर ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वाचनात ५ मिळवा.

मीटर उशीच्या उंचीवर, आतल्या भिंतीवर ठेवा. एसीच्या समोर ठेवलेला मीटर खोलीची नाही, झोताची आर्द्रता सांगतो.

वाळ्याची_ताटी

नागपूरकडचं गणित पूर्ण वेगळं आहे. मे महिन्यात दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के. अशा हवेचं ओल्या फडक्याचं तापमान (थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरल्यावर तो दाखवतो ते) २३ अंशांच्या जवळ येतं. चांगला कूलर त्या फरकाचा ८० टक्के भाग कापतो, म्हणजे २७-२८ अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा मिळते. एसीच्या फार थोड्या विजेत. पण समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. कूलर जेवढी हवा आत टाकतो तेवढी बाहेर गेली नाही तर तासाभरात खोली ९० टक्क्यांवर जाते आणि अंग चिकचिकतं.

कूलर आणि एसी एकत्र लावू नये, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दिवसा कूलर आणि रात्री एसी असं करणाऱ्यांनी मधे एक पायरी घालावी. कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा २०-३० मिनिटं चालवा, खिडक्या उघड्या ठेवून. मे महिन्यात इथल्या बाहेरच्या हवेचा दवबिंदू १०-१२ अंश असतो, ती खोलीतला सगळा ओलावा फुकटात घेऊन जाते. मग खिडक्या लावून एसी सुरू करा. नाहीतर एसीचा पहिला दीड-दोन तास कूलरचं पाणी गाळण्यातच जातो. एक लिटर पाणी हवेतून काढायचं म्हणजे ०.६८ युनिट इतकी उष्णता कॉइलने ओढून घ्यायची.

खरी अडचण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. तापमान ४०, पण आर्द्रता ४० टक्क्यांवर गेलेली. तेव्हा ओल्या फडक्याचं तापमान साडेअठ्ठावीस होतं आणि तोच कूलर ३१ अंशांची, ८५ टक्क्यांची हवा देतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळून पंख्यासमोर धरा. २५ च्या वर गेला की त्या वर्षीचा कूलर संपला. टाकी रिकामी करून, ताट्या किंवा हनीकोंब पॅड वाळवून ठेवा. पाण्यासकट झाकून ठेवलेला कूलर म्हणजे डासांची सोय.

आर_के_पुणे३८

पुण्या-नाशकाकडे एप्रिलमध्ये 'एसीने हवा कोरडी होते, घसा सुकतो' अशी तक्रार असते. आकडे उलटं सांगतात. बाहेर ३८ अंश, १८ टक्के, तर दवबिंदू साडेनऊ अंश. एसीची कॉइल साधारण १० ते १२ वर असते, म्हणजे पाणी निघतच नाही. तीच हवा २५ ला आणली की तिची आर्द्रता ३७ टक्के होते. एसीने सापेक्ष आर्द्रता, म्हणजे टक्केवारी, वाढवली. घसा सुकतो तो झोत थेट तोंडावर असल्यामुळे. पाती छताकडे वळवा.

यावरून एक गोष्ट लक्षात ठेवा: एप्रिलमध्ये ड्रेनमधून पाणी येत नाही म्हणून गॅस संपला असं समजू नका, आणि कुणी तसं सांगून गॅस भरत असेल तर भरू देऊ नका. इनडोअरच्या जाळीतून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत १० ते १२ अंशांचा फरक असेल तर गॅस ठीक आहे.

खोलीत पाण्याची वाटी ठेवून काही होत नाही. त्या पृष्ठभागावरून तासाला पाच-दहा ग्रॅम उडतात. खरंच ओलावा हवा असेल तर पिळलेला ओला टॉवेल खुर्चीवर टाका.

साळुंकी

बेडरूममध्ये एसी आणि पलीकडे पॅसेज. पॅसेजच्या बाजूने त्याच भिंतीवर काळी बुरशी येते, बेडरूमच्या बाजूला काही नाही. सोसायटीचा वॉटरप्रूफिंगवाला बाहेरची भिंत करायची म्हणतो. पण ही तर आतली भिंत आहे. ओल येते कुठून?

सागरगोटा

@साळुंकी, ही ओल हवेतली आहे. आतल्या भिंती बहुधा चार इंची विटांच्या असतात. एसी २०-२१ वर रात्रभर चालला की भिंतीची पलीकडची बाजूही २३-२४ वर येते. पॅसेजमधली हवा एसीविना, दवबिंदू २५-२६. थंड पाण्याच्या बाटलीवर धरतं तसं पाणी त्या भिंतीवर धरतं, फक्त रंग ते शोषून घेतो म्हणून थेंब दिसत नाहीत. एसी २५-२६ वर आणला की बहुतेक वेळा तिथेच थांबतं.

खात्री करायची सोपी रीत: भिंत पुसून कोरडी करा. एक फूट चौरस प्लॅस्टिकचा कागद किंवा अॅल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी रुंद चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवा. दोन दिवस ठेवा. पाणी कागदाच्या आतल्या बाजूला धरलं तर ओल भिंतीतून येते, प्लंबिंग किंवा बाहेरची गळती शोधा. वरच्या बाजूला धरलं तर ती हवेतली आहे आणि वॉटरप्रूफिंगने काही साधणार नाही. हजारो रुपये घालण्याआधी हे दोन दिवस द्या.

बुरशी काढताना आधी साबणाच्या पाण्याने पुसा, मग एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी लावून दहा मिनिटांनी पुसून घ्या. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि ब्लीचबरोबर टॉयलेट क्लीनर किंवा अमोनियाचं काहीही वापरू नका, विषारी वायू निघतो. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय वर रंग मारू नका.

खिडकीफट

त्याला जोडून सकाळचं. पावसाळ्यात उठल्या उठल्या एसी बंद करून सगळ्या खिडक्या उघडायची सवय असते. बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ आणि खोलीतली फरशी, आरसा, कपाटाचं लॅमिनेट २४ वर. सगळं घामेजतं. त्याऐवजी एसी बंद करा, आधी फक्त बेडरूमचं दार उघडा, पंखा चालू ठेवा. अर्ध्या-पाऊण तासाने वस्तू तापल्या की मग खिडक्या.

कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. मागे दोन-तीन इंच जागा सोडा. जांभ्याच्या भिंतीला तर नक्कीच. ती पावसात पाणी पिते आणि आत सोडते, त्यामुळे कोकणात आणि गोव्यात आतल्या बाजूने ऑइल पेंट मारलेल्या जांभ्याचे पोपडे हमखास सुटतात. चुन्याचा गिलावा श्वास घेतो, तो राहू द्या.

टेक्सासकर

ह्यूस्टनलाही उन्हाळा मुंबईसारखाच दमट. इथे घरभर डक्टिंग असतं आणि थर्मोस्टॅटवर पंख्याला 'ऑन' आणि 'ऑटो' अशा दोन जागा असतात. 'ऑन' वर ठेवला की कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंखा ओल्या कॉइलवरून हवा ढकलत राहतो आणि घराची आर्द्रता चढते. इथल्या 'ऑटो' वर कॉम्प्रेसरबरोबर पंखाही थांबतो, म्हणून दमट महिन्यांत 'ऑटो' च ठेवायचा. तिकडे नव्या इमारतींत डक्टेबल एसी बसवणाऱ्यांनाही हेच लागू.

मीटरवाली

डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारं यंत्र) घ्यावा का असं दुसऱ्या एका धाग्यावर विचारलं होतं, उत्तर इथे देते. ज्या खोलीत एसी नाही पण ओलावा त्रास देतो तिथे घ्यावा: पुस्तकांची खोली, कपडे वाळवायची खोली, दिवसा बंद असलेलं घर. पाच किलो कपडे मशीनमधून पिळून निघाले तरी त्यात अडीच-तीन लिटर पाणी असतं. ते घरात वाळले म्हणजे ते सगळं घराच्या हवेत.

खोक्यावर '२० लिटर' लिहिलेलं असतं ते दिवसाला, आणि बहुधा ३० अंश, ८० टक्क्यांना मोजलेलं. २७ अंश, ६० टक्क्यांना त्याच्या निम्मंच धरा. तो खोली गार करत नाही, उलट तापवतो: स्वतःची वीज अधिक प्रत्येक लिटरमागे ०.६८ युनिटची उष्णता, सगळी खोलीतच. बंद खोली दोन-तीन अंश चढते. एसीच्या जोडीला लावला तर ही उष्णता एसीला चालत ठेवते, म्हणजे दोघं मिळून पाणी काढतात. बिल मात्र वाढतं, म्हणून आधी पंखा आणि फटी. सलग चालवायचा असेल तर मागच्या नळीला पाइप लावून बाथरूमच्या जाळीत सोडा, टाकी भरली की तो बंद पडतो.

कपाटांसाठी कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठीक, पण फक्त घट्ट बंद होणाऱ्या कपाटात. खाली साठणारं पाणी चामडं आणि धातू खराब करतं, डबा आडवा होऊ देऊ नका. खडेमिठाची वाटी ७५ टक्क्यांच्या खाली काहीच शोषत नाही. डांबराच्या गोळ्या किडींसाठी आहेत, ओलाव्यासाठी नाहीत. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या वीस-तीस टक्के पाणी घेतं. रंग बदलला की १२० अंशांना दोन तास ओव्हनमध्ये, मग पुन्हा वापरा. कॅमेऱ्याच्या लेन्सा ४० ते ५० टक्क्यांत. पैठणी आणि चांदीच्या जरीचं काहीही ५५ च्या खाली, सुती कापडात गुंडाळून. तबल्याची पुडी पावसाळ्यात उतरते, पण म्हणून तबला एसीच्या झोताखाली ठेवू नका, एका बाजूने सुकून चामडं ताणतं.

गंधाली

पंखा लो, सेटिंग २५, एक्झॉस्ट बंद, ब्रश पट्टी नवीन. मीटर मिठाने तपासून घेतला, तो ३ टक्के जास्त दाखवत होता. आता रात्री ५८. पण लो पंख्यावर दोन गोष्टी दिसतायत: पात्यांवर बारीक थेंब धरतात आणि बंद करताना ऑटो क्लीनमध्ये (कॉइल वाळवायला पंखा थोडा वेळ चालतो तेव्हा) पुन्हा दमट वारा येतो. ऑटो क्लीन बंद करू का?

यंत्रमाणूस

पात्यांवर थेंब पहिल्या अर्ध्या तासात येणारच, खोली अजून दमट असते तेव्हा. तास उलटूनही येत असतील तर कुठून तरी बाहेरची हवा येतेय, किंवा पाती पार खाली वळलेली आहेत. आडवी ठेवा.

लो पंख्याला एक अट आहे: फिल्टर स्वच्छ हवा. धुळीने भरलेला फिल्टर आणि लो पंखा मिळून हवा इतकी कमी होते की कॉइलवर बर्फ धरतो. मग हवा अडते, आणि एसी बंद केल्यावर बर्फ वितळून ट्रेच्या बाहेर सांडतो. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी फिल्टर नळाखाली धुवा, सावलीत वाळवा. स्वच्छ फिल्टर असूनही बर्फ येत असेल आणि तोही कॉइलच्या एकाच टोकाला, तर गॅस कमी आहे. तेव्हा गळती शोधूनच गॅस भरायचा, नुसता वरून टाकायचा नाही.

ऑटो क्लीनबद्दल माझं मत: बंद करू नका. ओली कॉइल रात्रंदिवस तशीच राहिली तर महिन्याभरात तिच्यावर शेवाळी थर धरतो आणि तो वास फक्त जेट पंपच्या धुण्यानेच जातो. सकाळी खोलीबाहेर पडताना एसी बंद करा, दार उघडं ठेवा, तो ओलावा घरभर पसरून जाईल.

आर_के_पुणे३८

थोडा असहमत. रात्री तीन वाजता टायमरने एसी बंद होत असेल तर तोच दमट वारा झोपलेल्या माणसावर येतो आणि त्याच वेळी आर्द्रता पुन्हा ६८-७० वर जाते. पावसाळ्यात टायमर लावूच नये. त्यापेक्षा २७ वर सकाळपर्यंत चालू द्यावा. आणि स्लीप मोडने तापमान आपोआप दोन अंश वाढतं, त्यात काही काळ कॉम्प्रेसर पूर्ण थांबतो. तोही जुलैत नको.

यंत्रमाणूस

टायमरबद्दल मान्य. स्लीप मोडमध्ये तो थांबलेला काळ कधीकधी पाऊण तासाचाही असतो, तेवढ्यात खोली पुन्हा चिकट होते.

वाळ्याची_ताटी

ड्रेनवर कुणी लिहिलं नाही. पाणी निघालं तरी ते बाहेर गेलं पाहिजे. पाइपला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार हवा, मधे कुठेही चढ किंवा पोटासारखी झोळी नको. टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नको, हवा अडकते आणि ट्रे आतून भरून वाहतो. जून लागण्याआधी फिल्टर काढून ट्रेमध्ये हळूहळू अर्धा लिटर पाणी ओता. दोन मिनिटांत बाहेर न आल्यास पाइपच्या बाहेरच्या टोकाला ओला व्हॅक्यूम लावून ओढा. तोंडाने फुंकू नका, चिखल उलटा ट्रेमध्ये जातो.

आणि जुलैत बादली लावून एकदा मोजा. दोन माणसांच्या बंद खोलीत पहिल्या तासानंतर तासाला पाव ते अर्धा लिटर यायला हवं. लिटरच्या वर सतत येत असेल तर कुठेतरी खिडकी उघडी आहे. हे पाणी झाडांना, फरशी पुसायला चालेल. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालू नका, त्यात कॉइलची धूळ आणि धातूचे अंश असतात.

साळुंकी

फॉइल चाचणी केली. पाणी वरच्या बाजूला होतं. एसी २६ वर आणलाय, वॉटरप्रूफिंगचं काम थांबवलंय. पॅसेजमध्ये अजून ८४ टक्के आहे, तिथे काही करावं का?

सागरगोटा

पॅसेजसाठी वेगळं यंत्र नको. भिंत आता थंड नाही, त्यामुळे ८४ टक्क्यांनाही तिच्यावर पाणी धरणार नाही. फक्त तिथे कपडे वाळत घालू नका आणि चपलांचं कपाट भिंतीपासून दोन इंच पुढे ओढा. परतीचा पाऊस गेला, मुंबईत साधारण ८ ऑक्टोबरनंतर, की हवा हळूहळू बदलते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पूर्वेचा वारा असताना ३० अंश, ३५-४० टक्के असते, दवबिंदू १३-१५. तेव्हा दुपारी बारा ते चार सगळ्या खिडक्या, कपाटांची दारं, बेडचे कप्पे उघडे टाका, गाद्या उभ्या करा. जे ओलावे पावसाळाभर लाकडात मुरलेत ते याच दिवसांत निघतात. भिंत रंगवायची तर तीही तेव्हाच, जानेवारीत.